शंभर ग्रॅम आणि वर एक टिळा

मी शंभर ग्रॅमचं वजन बोलतोय. हातगाडीवरचं काळं, लोखंडी, बुडाला चिंच चिकटवलेलं वजन तुमच्या डोळ्यांपुढे आलं असेल, तर ते आधी पुसून टाका. मी पितळी आहे. अंग गुळगुळीत, डोक्यावर धरायला बारीकशी गुंडी आणि राहायला लाल मखमलीची पेटी. म्हणजे, होती. सध्या मी चेन्नईत एका साहेबांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून बसलोय. ज्याने आयुष्यभर खरं-खोटं ठरवलं, त्याच्यावर पंख्याच्या वाऱ्याशी झटायची वेळ आली. चालायचंच, असं म्हणतात लोक. मी नाही म्हणत.

माझा जन्म इथल्याच, अंबत्तूरच्या एका लहानशा कारखान्यातला. लेथवर मला सोलून काढलं, घासलं आणि पोटात एक पोकळी ठेवली. तिच्यात शिशाचे कण घालायचे, काढायचे, पुन्हा घालायचे, असं करत करत मला बरोबर शंभरावर आणलं. मग गुंडी घट्ट पिळून बसवली आणि शिक्का मारला. पोटात किती जायला हवं हे मला जन्मतःच कळलं, माणसांना ते साठीतही कळत नाही. शिक्का बसला तेव्हापासून माझा धर्म एकच. शंभर म्हणजे शंभर, मग समोर कुणीही असो.

तिथून मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, पेरुंगुडीला आलो. आजूबाजूला संगणकवाल्यांच्या काचेच्या उंच इमारती आणि मधे आमची रंग उडालेली तीन मजली संशोधन संस्था. वरच्या मजल्यावर फळा होता, तिथे भौतिकशास्त्राची समीकरणं चालत. मधल्या मजल्यावर प्रयोगशाळा, भाताची रोपं, सूक्ष्मदर्शक आणि काचेच्या घरात बसलेला इलेक्ट्रॉनिक काटा. खाली बैठकीची खोली. तिथे शेतीखात्याचे अधिकारी येत, फिल्टर कॉफी पीत आणि कुठल्या बियाण्याला किती पाणी सोडायचं ते ठरवत.

मी मधल्या मजल्यावरचा. काटा खरं बोलतोय की नाही हे बघायला मला त्याच्यावर ठेवत. मी बसलो की त्याने शंभर दाखवायचं. कमी-जास्त दाखवलं तर बटण दाबून त्याला माझ्यावरून सुधारायचं. तेव्हा त्या दिमाखदार काट्याचा गुरू मी होतो, हे लक्षात ठेवा. पुढे जे रामायण झालं ते त्यामुळेच.

माझा सांभाळ करणारी महालक्ष्मी. वेस्ट मांबलमची, गिंडीपर्यंत गाडीने आणि पुढे बसने येणारी. घराणं तंजावरकडचं मराठी. पूर्वज कधीकाळी तिकडे गेले ते तिथलेच झाले. त्यामुळे घरात मराठी, रस्त्यावर तमिळ आणि प्रयोगशाळेत इंग्रजी, असं तिचं तीन खणांचं तोंड होतं. माझ्याशी मात्र ती घरचीच भाषा बोलायची. सकाळी पेटी उघडून "ये रे राजा, बैस" म्हणायची आणि चिमट्याने, अलगद, मला उचलायची.

चिमट्यानेच हं. इतक्या वर्षांत तिने मला एकदाही हात लावला नाही. माणसाच्या बोटाला घाम असतो, तेल असतं, आणि त्यालाही वजन असतं. तुम्हाला वाटेल, एवढंस्सं ते काय! पण ज्या काट्याला पापणीच्या केसाचं वजन कळतं, त्याच्यापुढे एवढंस्सं असं काही नसतंच.

बाई हुशार, पण नोकरी कराराची. दरवर्षी मुदत संपायची आणि दरवर्षी साहेबांनी सही केली की पुढचं वर्ष मिळायचं. त्या वर्षी तिला कायम करायचं चाललं होतं. साहेबांनी तसा शब्दही दिला होता. ती एरवी कधी गाणं म्हणायची नाही, त्या दिवसांत रोपांना पाणी घालताना गुणगुणायची.

साहेब म्हणजे डॉक्टर विजयकुमार. पुण्याकडचे. मुळात वरच्या मजल्यावरचे, फळ्याचे, पुढे सगळ्या इमारतीचे प्रमुख झाले. माणूस वाईट नव्हता, असं मी बरीच वर्षं समजत होतो. इतरांना कळू नये असं काही असलं की ते महालक्ष्मीशी मराठीत बोलायचे आणि तिच्या तंजावरी मराठीला हसायचे. तीही हसायची. हाताखालच्या माणसाला हसावंच लागतं.

या साहेबांनी फळ्यावर एक सिद्धांत मांडला होता. एका नव्या भाताच्या पानावरची छिद्रं अशी आहेत, की चेन्नईसारख्या दमट हवेत ते पान रात्री हवेतलंच पाणी पिऊ शकेल. समीकरण देखणं होतं, मी नाही म्हणत नाही. ते खरं निघालं असतं तर शेतीखात्याला हवंच होतं. असं बियाणं पेरणाऱ्यांना कालव्याची शेवटची पाणीपाळी द्यायची नाही आणि ते पाणी दुसरीकडे वळवायचं, अशी शिफारस तयारच ठेवली होती. फक्त प्रयोगाचा आकडा तेवढा यायचा बाकी होता. आधी वरात ठरली आणि मग नवरी शोधायला निघाले, त्यातली गत.

प्रयोग असा होता. लहान पेल्यात रोप, माती मेणाने बंद, म्हणजे पाणी आत जायचं तर पानातूनच. संध्याकाळी पेला मोजायचा, रात्रभर दमट पेटीत ठेवायचा आणि सकाळी पुन्हा मोजायचा. साधं भात आधीच्या आठवड्यात मोजून झालं होतं. ते काही वाढलं नव्हतं. आता नव्या भाताची पाळी होती, आणि नेमकी आयुध पूजा आली.

आयुध पूजेला इकडे सगळी यंत्रं बंद ठेवतात. पुसून, गंध-कुंकू लावून त्यांना विश्रांती देतात आणि दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, नवं काम सुरू करतात. आमच्याकडे पूजेची मांडणी महालक्ष्मी करायची. सूक्ष्मदर्शकाला टिळा, काट्याच्या काचेला टिळा आणि माझ्या पेटीच्या झाकणाला टिळा. मला नाही. सगळं करून ती दुपारीच घरी गेली. तिच्याकडे नवरात्रातलं बाहुल्यांचं कोलू मांडलेलं, संध्याकाळी बायका यायच्या होत्या.

ती गेल्यावर साहेब आले. बरोबर गंधाचं ताट धरून चंद्रमौळी, आमचे कार्यालयप्रमुख. साहेबांनी झाकणावरचा टिळा पाहिला आणि हसले. म्हणाले, आमच्याकडे खंडेनवमीला हत्याराची पूजा असते, डब्याची नाही. आणि पेटी उघडून त्यांनी मला उचललं. हातानं. ओल्या गंधात अंगठा बुडवला, वर कुंकू घेतलं आणि माझ्या पोटावर असा दाबला की काय सांगू. लहानपणी विळीवर कापल्याची तिरकी रेघ आहे त्यांच्या अंगठ्यावर, तीसुद्धा मला जाणवली. मग त्यांनी हात जोडले. भक्ती खोटी नव्हती. पण भक्तीलाही वजन असतं हो, वीसेक मिलिग्रॅम.

दुसऱ्या दिवशी सुट्टी. इमारत रिकामी. शुभ दिवस चुकवायचा नाही म्हणून संध्याकाळी साहेब एकटेच आले. बंद असलेला काटा सुरू केला, तर तो वजन मागू लागला. साहेबांनी मला तसंच, टिळ्यासकट, त्याच्यावर ठेवलं आणि बटण दाबलं. मी ओरडत होतो, अहो, मी आज शंभर नाही, वर टिळा आहे. वजनाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? काटा बिचारा गुरूवर विश्वास ठेवणारा. त्याने मला शंभर मानलं आणि मग पुढचं सगळं त्याच हिशेबाने कमी दाखवलं. साहेबांनी रोपं मोजली, दमट पेटीत ठेवली आणि घरी गेले.

सकाळी महालक्ष्मी आली. पेटी उघडली आणि तिच्या तोंडून "अय्यो" निघालं. मऊ कापड स्पिरिटमध्ये बुडवून तिने मला पुसलं, एखाद्या बाळाला पुसावं तसं. गंध गेलं, कुंकू गेलं. पण घाम आणि कुंकवातला चुना मिळून पितळ खाल्लं होतं. अंगठ्याचा ठसा राहिला, मधल्या तिरक्या रेघेसकट. भिंगातून तिने तो बराच वेळ पाहिला. साहेब आल्यावर तिने विचारलं, काल वजन वापरलं होतं का? ते म्हणाले, छे, काटा तर तूच जुळवून ठेवला होतास ना. सहज म्हणाले. आठवलं नसेल, असं मी तेव्हा समजलो.

तिने माझ्यावरून काटा पुन्हा जुळवला आणि रोपं मोजली. सगळी वाढलेली! अर्ध्या ग्रॅमच्या रोपाने रात्रीत एवढं पाणी प्यावं म्हणजे चमत्कारच. साहेब जिने चढून फळ्यापर्यंत पळत गेले. संध्याकाळपर्यंत अधिकाऱ्यांना फोन झाले, बैठक ठरली, पेढे आले. महालक्ष्मीच्या कायम होण्याचा कागदही टाइप झाला म्हणे.

पण तिचं मन मानेना. तिने प्रयोग पुन्हा केला, रोपं वाढली नाहीत. आणखी एकदा केला, तरी नाही. साहेब म्हणाले, हवा बदलली, पाऊस पडून गेला. ती मान हलवून "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणाली आणि रोज उशिरापर्यंत माझ्याकडे बघत बसू लागली. माझ्याकडे म्हणजे त्या ठशाकडे.

मग एका दुपारी तिने साहेबांना प्रयोगशाळेत बोलावलं. येताना टेबलावरचा गोटा घेऊन या, म्हणाली. साहेबांकडे कागदांवर ठेवायचा एक गुळगुळीत गोटा होता, नदीतला. तिने घरून गंधाची वाटी आणली होती. चिमट्यात धरून माझ्यावर टिळा लावला, काटा जुळवला, गोटा मोजला. मग मला पुसलं, काटा पुन्हा जुळवला आणि गोटा पुन्हा मोजला. गोटा वाढला होता. रोपांइतकाच.

"सर, गोटाही हवेंतलें पाणी प्याला," ती म्हणाली. "आतां ह्याचेंही बियाणें करूं या?"

साहेब आधी हसले. मग त्यांचं हसू तसंच तोंडावर राहिलं. वाकून त्यांनी काचेच्या घरातला आकडा पुन्हा वाचला. हळूच म्हणाले, हो, मशीन वजन मागत होतं त्या दिवशी. मग म्हणाले, बैठकीत सांगू, कसं सांगायचं ते मी बघतो, तू काळजी करू नकोस. तिच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला! मलाही बरं वाटलं. चूक कुणाची होत नाही? मोठा माणूस चूक सांगून आणखी मोठा होतो, असं आम्हा दोघांना वाटलं. आम्ही दोघंही पितळी, पिवळं दिसलं की सोनं समजणारे.

बैठकीला ती मला पेटीतून खाली घेऊन गेली. खोलीत अधिकारी होते, कॉफीचे पेले होते, चंद्रमौळी होते. साहेब उभे राहिले आणि त्यांनी जुनाच आकडा सांगितला. नवं भात हवेतलं पाणी पितं. शिफारशीचा कागद पुढे सरकला. महालक्ष्मी साहेबांकडे बघत राहिली. आत्ता सांगतील, आत्ता सांगतील. एका अधिकाऱ्याने पेनाचं टोपण काढलं तेव्हा मात्र ती उठली.

तिने सगळं सांगितलं. त्या दिवशी वजनावर गंध लागलेलं होतं, त्यावरून काटा जुळवला गेला, म्हणून रोपं वाढलेली दिसली. भात पाणी पीत नाही. दाणा भरायच्या वेळी कालव्याचं पाणी तोडलंत तर कणसं पोचट निघतील. सगळं सांगितलं, फक्त एक नाव घेतलं नाही. मोठ्या माणसाचं चारचौघांत नाव घेऊन चूक काढायची नाही, असं तिच्या घरी शिकवलेलं. नाव त्यांचं त्यांनी घ्यावं, म्हणून तिने जागा रिकामी सोडली.

मग टोपण काढलेल्या अधिकाऱ्याने विचारलं, वजनाला गंध लावलं कुणी?

महालक्ष्मीने साहेबांकडे पाहिलं. मीही पाहिलं. चंद्रमौळींनी, ज्यांच्या हातात त्या दिवशी ताट होतं, त्यांनी कॉफीत पाहिलं. त्यांची निवृत्ती जवळ आली होती आणि मुदतवाढीचा अर्ज साहेबांकडेच होता.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आयुध पूजेचं सगळं दरवर्षी मॅडमच बघतात," ते म्हणाले.

बघा, यात एकही शब्द खोटा नाही. खोटं बोलायला अक्कल लागत नाही. खऱ्या शब्दांनी गळा कापायचा तर फार शिकलेला माणूस लागतो. पुढे साहेब म्हणाले, भावनेच्या भरात होतं असं, पण आमच्या संस्थेने चूक स्वतः शोधली आणि स्वतः मांडली, याचा मला अभिमान आहे. अधिकाऱ्यांनी माना डोलावल्या. शिफारस मागे घेतली गेली. पाणी वाचलं. तेवढं मात्र झालं, आणि ते तिच्यामुळे झालं, हे मी सांगितल्याशिवाय राहणार नाही. बाकी चोर सोडून संन्याशाला फाशी.

सगळे गेल्यावर ती मला पेटीत ठेवत होती. साहेब दारात थांबले होते. ती म्हणाली, "सर, मीं तुमचें नांव घेतलें नाहीं. तुम्हींच सांगाल, असें वाटलें."

"मग घ्यायचं होतंस," साहेब म्हणाले. "आता कोण ऐकणार?"

रागाने नाही म्हणाले. छत्री आणायची होतीस, आता भिजशील, असं सांगावं तसं म्हणाले. माझ्या पितळाला तेव्हा जी कळ लागली, ती लेथवरही लागली नव्हती. ठसा दाखव ना, मी तिला विनवत होतो, माझ्या पोटावर आहे तो, रेघेसकट आहे. तिला ठाऊक होतंच. तिने पेटी मिटली.

तिची मुदत त्या वर्षी वाढली नाही. कायम करायचा कागद कुठे गेला कोण जाणे. मोजमापात निष्काळजी, असा शेरा मागे लागला आणि मग दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत कोण घेणार? हल्ली मांबलममध्ये अकरावी-बारावीची पोरं शिकवते म्हणतात. ज्या बाईने मला कधी उघड्या बोटाने शिवलं नाही, ती निष्काळजी! आणि ज्यांनी अंगठा दाबला ते आता गावोगाव भाषणं देतात. विषय काय, तर विज्ञानातला प्रामाणिकपणा.

माझा शिक्काही रद्द झाला. अंगावर डाग पडलेलं वजन कामाचं नाही, हा नियमच आहे आणि तो मला मान्य आहे. पेटी दुसऱ्या वजनाला गेली. साहेबांना म्हणे माझी आठवण ठेवायची होती. त्यांनी गोटा काढून टाकला आणि त्या जागी मला बसवलं. पाहुणे आले की ते मला उचलतात आणि सांगतात, हेच ते वजन बरं का, आमच्याकडच्या एका भाविक बाईने याला गंध लावलं आणि अख्खं राज्य फसत होतं. पाहुणे हसतात. आणि दर वेळी सांगताना साहेबांचा अंगठा माझ्या पोटावर नेमका त्याच ठशात जाऊन बसतो. रेघेवर रेघ. त्यांच्या ते लक्षातच येत नाही.

मधे एकदा महालक्ष्मी आली होती, नोकरीचा दाखला न्यायला. साहेब दुसऱ्या खोलीत सही करत होते. तिने मला पाहिलं. उघडा, धुळीत, कागदांवर बसलेला. "राजा, इथें का रे तूं?" म्हणाली. मला वाटलं, आता तरी हातात घेईल. आता काय, मी कुठलं शंभर राहिलो होतो? पण नाही. तिने पर्समधून धुतलेला रुमाल काढला, त्यात धरून मला उचललं, धूळ पुसली आणि परत ठेवताना थोडं फिरवून ठेवलं. ठसा पाहुण्यांच्या खुर्चीकडे. मग दाखला घेऊन गेली.

तेव्हापासून मी तसाच बसलोय. एक आयुध पूजा येऊन गेली. साहेबांनी मला पुन्हा टिळा लावला, पुन्हा अंगठ्याने, पुन्हा तिथेच, आणि या खेपेस कुणी पुसला नाही. लावा म्हणावं कितीही. माझ्यावरून आता काही तोलायचं नाहीये.

तुमच्याकडे मात्र एक मागणं आहे. कधी पेरुंगुडीला आलात आणि त्या खोलीत बसायची वेळ आली, तर कॉफी थोडी निवू द्या. साहेब भाविक बाईची गोष्ट सांगायला लागतील आणि मला उचलतील. गोष्ट झाली की म्हणा, बघू जरा. मला त्यांच्या हातातून घ्या, रुमालात घ्या. वाळलेला टिळा नखाने खरवडा आणि खालची रेघ बघा. मग कॉफीचा पेला उचलताना त्यांचा अंगठा बघा. काही बोलू नका, आणि हसूही नका. एवढं केलंत तरी पुरे आहे. मांबलममध्ये कुणाला सांगायचं ते मग तुमचं तुम्ही ठरवा.